शेजारच्या सीटपुढचा काटा

भर दुपारी बाराला निघायचं, एकशे वीस किलोमीटरचं मिठाचं मैदान कुठेही न थांबता ओलांडायचं आणि पलीकडच्या पेट्रोल पंपाच्या भिंतीवर दादाचं नाव लिहून घ्यायचं, एवढ्यासाठी ही मोहीम होती. शहाणी माणसं ते मैदान पहाटे ओलांडत. पण त्यांची नावं त्या भिंतीवर लिहीत नसत, आणि दादाला शहाण्यांच्या यादीत कधीच रस नव्हता.

दादा तीन वर्षांपूर्वी गेला. मोहिमेवर निघाले दोघे. एक त्याचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत, वय बासष्ट. दुसरी वहिनी. तिचं वय त्याहून जास्त. नेमकं किती, ते विचारायची मिस्त्रीची कधी छाती झाली नव्हती. वहिनी पलीकडच्या गावी मुलीकडे कायमची राहायला चालली होती. रेल्वेने जाता आलं असतं.

"तीस वर्षं सांगत होते, या गाडीतून मैदान दाखवतो म्हणून," ती म्हणाली. "आता तुम्ही दाखवा, भाऊजी."

गाडी म्हणजे एका लहानखुऱ्या मोटारीच्या पोटात दोघा भावांनी टेम्पोचं इंजिन कोंबलं होतं. बॉनेट बसेना म्हणून बॉनेटला भोक पाडलं. ताकद दुप्पट झाली, तापणं चौपट. मग तापमानाचा काटा आणला, तर चालवणाऱ्यापुढे जागा नव्हती. तो बसला शेजारच्या सीटपुढे. त्याच्यावर ऊन येऊ नये म्हणून दादाने पत्र्याची झापड ठोकली, त्यामुळे तो फक्त समोर बसणाऱ्यालाच दिसे. दादा चालवायचा आणि दर पाच मिनिटांनी विचारायचा, "काटा?" मिस्त्री आकडा सांगायचा. दोघा भावांत आयुष्यभर झालेलं बरंचसं बोलणं एवढंच. दादा गेल्यावर मिस्त्री एकदा एकटाच गाडी घेऊन निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, सवयीने "काटा?" म्हणाला, आणि परत येऊन गाडी शेडमध्ये लावली.

आता शेजारी वहिनी होती. मांडीवर पर्स, पायाशी पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. मागच्या सीटवर तिच्या दोन बॅगा आणि इंजिनसाठी दहा-दहा लिटरचे दोन कॅन.

शेवटचं झाड मागे पडलं आणि मैदान सुरू झालं. पांढरं, सपाट, काठ नसलेलं. त्यावर एकच खूण होती, आधी गेलेल्या चाकांची, आणि तीही पुढे पुढे पुसट होत गेलेली. सावली म्हणावी अशी एकच वस्तू त्या मुलखात होती, ती म्हणजे गाडीखालची. आणि तीही चाकांना चिकटून बसली होती. 

"काटा?"

"नव्वद. नव्वदच्या पुढे आहे थोडा."

मिस्त्रीला चिंता नव्हती. शेवटच्या महिन्यात दादाने खास या मैदानासाठी रेडिएटरपुढे विजेचा मोठा पंखा बसवला होता. गल्लीत तासभर गाडी चालू ठेवून बघितली, काटा हलला नव्हता. त्यानंतर त्या पंख्याला मिस्त्रीने पुसण्यापुरताही हात लावला नव्हता.

"काटा?"

"शंभर."

मिस्त्रीने हीटर पूर्ण सोडला.

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. "भाऊजी, बरं आहे ना तुम्हाला?"

"इंजिनची उष्णता हीटरमधून आत घेतली की त्याला तेवढा आराम पडतो."

"आणि आपल्याला?"

"आपण काय, आपल्याला रेडिएटर नाही."

काटा पाचाने उतरला, वहिनीचा चेहरा तेवढ्याच अंशांनी चढला. पंधरा मिनिटं त्या रणरणत्या उन्हात दोन म्हातारी माणसं हीटर लावून घाम पुसत बसली होती. आणि मग काटा पुन्हा सरकू लागला. एकशे पाच. एकशे आठ!

"थांबवा."

"थांबलं की नाव गेलं, वहिनी. अजून थोडं बघू."

"एकशे बारा."

बॉनेटच्या भोकातून वाफ उसळली. काच पांढरी झाली. समोरचं मैदानही पांढरंच, त्यामुळे फारसा फरक पडला नाही.

"ज्यांचं नाव लिहायचंय ते गाडीत नाहीत," वहिनी शांतपणे म्हणाली. "गाडीत आपण आहोत. थांबवा."

मिस्त्रीने थांबवली. नाव गेलं.

गाडीच्या सावलीत अंग चोरून दोघं पाऊण तास बसले. रेडिएटरचं झाकण हाताला सोसवेल इतकं निवल्यावर पहिला कॅन रिता झाला. पुढे पंधरा किलोमीटरवर पुन्हा थांबावं लागलं, दुसराही रिता झाला. आता इंजिनसाठी पाणी नव्हतं. पिण्याचे पाच लिटर होते. पंप अजून सत्तर किलोमीटर. दुपारी इकडून कोणी जात नाही, ही तर त्या भिंतीची सगळी शान होती.

"हे पाच लिटर कुणाचे, भाऊजी? आपले की इंजिनचे?"

इंजिन बंद होतं, पंखा तेवढा मिस्त्रीने चालू ठेवला होता. वहिनीने रुमाल ओला करून चेहरा पुसला आणि वाळावा म्हणून पुढच्या जाळीवर टाकला. रुमाल फुगला, जाळीपासून सुटला आणि समोर उडत गेला! त्या वयात वहिनी त्याच्यामागे वीस पावलं पळाली.

रुमाल घेऊन ती परतली. "पंखा वारा आत घेतो ना?"

"हो."

"मग माझा रुमाल बाहेर कशाला पळाला?"

मिस्त्रीने जाळीपुढे तळहात धरला. गरम वारा समोरून अंगावर येत होता. गाडी पळे तेव्हा वारा आत शिरू बघे आणि पंखा त्याला बाहेर ढकले. गल्लीत उभ्या गाडीपुढे भांडायला वारा नव्हता, म्हणून सगळं ठीक चाललं होतं. दादा वायरिंग शिकला जुन्या ट्रॅक्टरवर. तिथे लाल वायर सांगाड्याला जायची. त्याने इथेही तीच दिली होती, आणि पंखा उलटा फिरत होता.

जोडावर काळी टेप होती. दादा टेप नेहमी दातांनी तोडायचा. टोकाला त्याच्या दातांची नक्षी जशीच्या तशी होती. मिस्त्री पक्कड हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

"सोडा," वहिनी म्हणाली. "मीसुद्धा ते गेल्यावर चार दिवसांनी त्यांचा कोट सोडला होता खुंटीवरून. काही बोलले नाहीत."

त्याने टेप सोडवली, घडी करून खिशात ठेवली. वायरी अदलाबदल केल्या. वहिनीने रुमाल जाळीपुढे धरला. फट्! रुमाल जाळीला चिकटला. तीन लिटर इंजिनला, दोन लिटर माणसांना.

"काटा?"

"शंभर."

"काटा?"

"पंच्याण्णव. आता हीटर बंद करा, नाहीतर मी उतरते."

पंपावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. पंपवाल्याने ब्रश काढला, डब्याचं झाकण उघडलं. "कुठे थांबलात का?"

विचारणारा तो एकटाच, आणि खरं-खोटं करायला मैदान काही बोलत नाही. मिस्त्रीने वहिनीकडे बघितलं.

"दोनदा," तो म्हणाला.

"आणि वीस पावलं मी पायी," वहिनीने भर घातली.

पंपवाल्याने झाकण लावलं. भिंतीवरची पहिली दहा नावं उन्हाने उडालेली होती, ती तिघांनीही थोडा वेळ वाचायचा प्रयत्न केला.

दोन दिवसांनी पहाटे मिस्त्री परत निघाला. पुतणी राहा म्हणत होती. त्याने वर्कशॉपचं निमित्त सांगितलं, जे सहा वर्षांपूर्वी बंद झालं होतं. गाडीत बसल्यावर त्याची मान शेजारच्या सीटकडे वळली आणि तिथेच राहिली.

वहिनी पर्समधला आरसा घेऊन आली. तिने तो सीटच्या पाठीवर, जिथे माणसाचा चेहरा येतो त्या उंचीवर धरला आणि काटा दिसेपर्यंत तिरपा केला. चारी बाजूंनी टेप लावली. टेप ती दातांनी तोडत होती.

"आरशात उलटं दिसेल. डावीकडे पळाला की तापला समजा."

"या घरात एक गोष्ट तरी उलटी लागतेच," मिस्त्री म्हणाला.

मैदान थंड होतं, शहाण्यांच्या वेळेचं. चाकांची कालपरवाची खूण पुसली गेली होती. पाच मिनिटं झाली.

"काटा?" त्याने विचारलं आणि मान वळवली. आरशात काटा होता.

"नव्वद," तो म्हणाला. आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं.