दुसऱ्या प्रकरणातली बाई

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शिरूर तालुक्याचं नाव एके दिवशी सोन्याच्या अक्षरांत लिहिलं जाणार, याबद्दल हौसरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अडचण एवढीच, की तालुक्यातलं निम्मं वाङ्मय ते स्वतःच लिहीत, तेही एसटी स्टँडामागच्या पिठाच्या गिरणीच्या माडीवर बसून, आणि नाव प्रत्येक वेळी दुसऱ्याचं.

धंदा जोरात होता. स्वागताची भाषणं, मानपत्रं, रांजणगावच्या कारखान्यांतल्या साहेबांचे निरोप, झालंच तर माणूस अजून दवाखान्यात असतानाच तयार ठेवलेली श्रद्धांजली. पण खरा माल म्हणजे आत्मचरित्र. साठी उलटली, गळ्यात चार हार पडले, की माणसाला वाटायचं, आता आपलं पुस्तक पाहिजे. तो जिना चढून यायचा, खांद्यावरचं गिरणीचं पीठ झटकत खुर्चीत बसायचा आणि हौसराव टेप चालू करायचे. २००४ सालापर्यंत शिरूर-दौंडात अशी आठ आत्मचरित्रं निघाली होती.

टेपवर निवडणुका असायच्या. कोणी कोणाचं तिकीट कापलं, ते तारीखवार असायचं. बालपण मात्र नसायचं. "बालपण काय, गेलं!" एवढ्यात ते आटपायचं.

म्हणून दुसरं प्रकरण हौसराव घरचं घालत. दुष्काळाचं साल. शाळेला निघालेलं उपाशी पोर. भर दुपारी नदीच्या तापल्या वाळूतून एक बाई येते, डोक्यावर पाटी. बाजरीची अर्धी भाकरी मोडून पोराच्या हातावर ठेवते. "आधी खा, मंग शीक," म्हणते. नाव विचारलं तर "नकुशी" सांगते आणि निघून जाते. पुन्हा कधी दिसत नाही. शिरूरच्या माणसाला ती घोडनदीत भेटे, दौंडच्या माणसाला भीमेत.

पहिल्या खर्ड्यात हौसरावांनी तिच्या पायात वहाणा घातल्या होत्या. वाचून पाहिलं, तर गहिवर येईना. वहाणांवर काट मारली, बाई अनवाणी चालू लागली आणि खुद्द हौसरावांनाच डोळे पुसावे लागले. खर्डा त्यांनी बंबात घातला. तो दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता.

आठवं पुस्तक दौंडच्या शंकररावांचं. शंकरराव रेल्वेतले निवृत्त गार्ड, भीमजयंतीच्या सभेतसुद्धा घड्याळ लावून बोलणारे. छापायच्या आधी हौसरावांनी त्यांच्या घरी जाऊन कागद वाचायला दिले. दुसरं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"हौसराव, हे मी तुम्हाला कवा सांगितलं?"

"टेपवर आहे ना." हे उत्तर हौसरावांकडे कायम तयार असे.

"असंल." शंकरराव खिडकीबाहेर बघत राहिले. "भाकर तिनं वरून टाकली न्हाई. हातावर ठेवली. बोटं लागली तिची. त्या काळात, आमच्या हाताला! हे बरोबर लिहिलंत. पन ती पाय आलटून-पालटून टेकत व्हती, ते राहिलं. एक उचलला की दुसरा. वाळू लई तापलेली व्हती."

परतीच्या एसटीत हौसराव खूश होते. छापलेलं माणसाला आठवू लागतं, हा त्यांचा जुना अनुभव. इथं तर छापायच्या आधीच आठवलं होतं. त्यांनी पायांचं वाक्य काही घातलं नाही. पान वाढत होतं.

नववं पुस्तक केंदूरच्या बापूसाहेबांचं. त्यांच्या प्रकाशनाची पत्रिका हातात पडली आणि हौसरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. 'शिरूर-दौंडमधील सर्व आत्मचरित्रकारांच्या उपस्थितीत,' असं तीत होतं. आणि खाली, 'प्रत्येक लेखक आपले आवडते पान वाचतील.'

आवडतं पान सगळ्यांचं एकच होतं.

त्यांच्या पत्नी सविताबाई पत्रिका वाचून पदर तोंडाला लावून हसल्या. "नऊ जणं एका अर्ध्या भाकरीवर वाढवलीत? अहो, मला टोपलंभर भाकरींत एक नवरा पोसता येईना."

"हसू नकोस. उद्या हे उघडं पडलं, तर माडी कोण चढणार आहे?"

"मग सांगा, बाई फिरतीवर होती."

सकाळी अकराला मंगल कार्यालय भरलं. झेंडूचा वास, पंख्यांची घरघर. हौसराव पहिल्या रांगेत कडेला बसले, दार जवळ म्हणून. मंचावर लांब टेबलामागे नऊ लेखक, नऊ हार. बापूसाहेबांनी माईक ओढून दुसरं प्रकरण उघडलं. "नकुशी" हा शब्द आला तेव्हा हौसरावांनी डोळे मिटले आणि हशाची वाट पाहू लागले.

हशा आला नाही.

"बापूसाहेब," शंकररावांचा आवाज आला. त्यांच्या हातात स्वतःचं पुस्तक होतं, पानात बोट घातलेलं. "एक इचारू? ती उभी कशी व्हती?"

हौसरावांनी पिशवी उचलली.

बापूसाहेब लोकांच्या डोक्यांवरून कुठंतरी लांब बघत होते. "वाळू तापलेली व्हती, शंकरराव."

"व्हय."

टेबलावरची पांढरी चादर जमिनीपर्यंत पोचत नव्हती. तिच्याखाली अठरा पाय दिसत होते. कोल्हापुरी, पंपशू, रेल्वेचे काळे बूट.

एक पाय उचलला जात होता. मग दुसरा.

नऊही जणांचा. एकाच लयीत. वर चेहरे गंभीर, हार जागच्या जागी.

मागे कोणाला काही दिसलं नाही. टाळ्या वाजल्या.

धंदा बसला नाही. उलट त्याच आठवड्यात कोरेगाव भीमाचे हौशी गृहस्थ जिना चढून आले. म्हणाले, "पुस्तक करायचंय. ती बाई आमाला बी भेटली व्हती."

गुरुवारी दुपारी हौसराव त्यांचं दुसरं प्रकरण लिहायला बसले. बाई नको, असं त्यांनी ठरवलं होतं. या वेळी एक गुरुजी नदी ओलांडून येत होते आणि पोराला लिहायची पाटी देत होते. वीज गेलेली, खाली गिरणी बंद. तरी खोलीत भाजल्या बाजरीचा वास आला.

जिन्यावर पावलं वाजली. चपलांचा आवाज नव्हता.

दारात ती उभी होती, डोक्यावर पाटी. वय त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि तिच्याकडे बघूनही ते सांगता येईना. शहाबादी फरशी थंडगार होती. ती एक पाय उचलत होती, मग दुसरा.

"बसा," हौसराव म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"न्हाई बसत, दादा. पोरगं उपाशी हाय." तिनं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. "गुरुजीस्नी नका धाडू. त्यांना न्हाई सोसायची ती वाळू. मीच जाते."

हौसरावांनी गुरुजींवर काट मारली.

"पन पयल्या कागदावर माज्या पायात वहाणा व्हत्या." तिनं पाय बदलला. "तेवढ्या द्या की परत. जुन्या चालत्याल."