काकांची घंटी

बस जरा जवळ. आधीच सांगते, मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही, आणि साहेबांना तर मुळीच नाही.

काम साधंच होतं. रविवारी दुपारी इस्पितळाच्या तळघरात बसून मुख्य कॉम्प्युटरचं कर्नेल बदलायचं. कर्नेल म्हणजे सगळ्या प्रोग्राम्सच्या पायाखालची जमीन. ती बदलताना वरचं एकही घर हलू द्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा धर्म. त्यातलं सगळ्यात जुनं घर काकांचं. काका म्हणजे माझ्या आधीचे ऑपरेटर, चार वर्षांपूर्वी गेले. नवजात बाळांच्या वॉर्डात सहा पाळण्यांवर त्यांचा प्रोग्राम नजर ठेवायचा. श्वास अडला की घंटी. तो कसा लिहिला होता ते कागद काकांबरोबरच गेले. उरली फक्त चालती प्रत.

चूक माझीच. नव्या कर्नेलची भलीमोठी यादी भरताना ‘जुन्या प्रोग्राम्ससाठी’ या ओळीवरची खूण मी काढून टाकली. एवढं जुनं आता कोण वापरतंय, असं वाटलं. वॉर्डात कळवून वीस मिनिटं मशीन बंद ठेवलं. पुन्हा सुरू केलं, तर काकांचा प्रोग्राम उठेचना. पंख्यांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास... सिस्टरना सांगायला फोन उचलणार, तोच तो वाजला.

“बरं झालं घंटी वाजली,” सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. “चार नंबरचं बाळ निळं पडलं होतं... आता रडतंय.”

समोर पडद्यावर प्रोग्राम बंदच होता.

पाळण्यांजवळून हलू नका, एवढंच मी त्यांना कसंबसं सांगितलं. तेवढ्यात साहेब आले. नवा प्रोग्राम पुढच्या महिन्यात येतोय, तोवर सिस्टर बघतील, हे मढं कशाला उठवतेस, म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

“बाळं त्याच्या भरवशावर झोपतात, साहेब. मी तो मोडणार नाही.”

“हा हुकूम आहे.”

“मग लेखी द्या.”

लेखी काही आलं नाही. मी खूण परत लावली, कर्नेल पुन्हा चढवलं. प्रोग्राम उठला. त्याच्या नोंदी उघडल्या, तर मशीन बंद होतं त्या वीस मिनिटांच्याही ओळी तिथे होत्या, एकाही सेकंदाची गाळलेली नाही. मी त्या दोनदा मोजल्या, खोटं कशाला बोलू?

साहेबांनीही वाचलं. “काढून टाक हे...”

मी खुर्ची मागे सारली आणि हाताची घडी घातली. “तुम्हीच काढा.”

ते कीबोर्डवर वाकले. बोट टेकायच्या आत पडद्यावर नवी ओळ उमटली: ‘चौदा – श्वास मंद.’

वॉर्डात चौदावा पाळणा नाही. चौदा नंबर आहे तो साहेबांच्या केबिनच्या दारावर. साहेब छातीवर हात ठेवून मटकन खाली बसले, आणि वर घंटी वाजायला लागली.

ते वाचले. दुसऱ्या आठवड्यात बदली मागून निघूनही गेले. प्रोग्राम मी तसाच ठेवलाय, आणि मी इथे आहे तोवर तो राहणार. केबिनला तेव्हापासून कुलूप आहे, आत खुर्चीसुद्धा नाही. नोंदींमध्ये मात्र सहा पाळण्यांच्या खाली दर सेकंदाला अजून ओळ येते: ‘चौदा – श्वास चालू.’