पेज, सुकट आणि ढोल

जिना काही फार मोठा नव्हता. कर्जतच्या बाजारात मेडिकलच्या वर जिम, आणि तिथं जाणारा हा अरुंद, वळणाचा जिना. पण हर्षला वळणावरच थांबली. कठड्याला धरून, धापा टाकत, आणि भिंतीवरची जाहिरात वाचायलाच थांबलेय अशा थाटात!

वरून कोणीतरी उतरत होतं. उंच, सावळा, खांद्यावर टॉवेल. दोघं एकदम जातील एवढी जागा नव्हती, म्हणून तोही थांबला.

"वर जाताय की खाली?"

"ठरवतेय," हर्षला म्हणाली.

"मग आरामात ठरवा. मी हाय इथंच." आणि तो चक्क पायरीवर बसला!

हर्षलाला हसू आलं. हसता हसता डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि मग तिलाही बसावंच लागलं. त्याच्या दोन पायऱ्या खाली.

तो राकेश. पोशीर गावचा. याच जिममध्ये ट्रेनर. आणि ती भिसेगावातली बालवाडीची बाई, वय सव्वीस, गालावर खळी. खळी नवीन होती बरं का! इतकी वर्षं ती गालात कुठंतरी दडून बसली होती, ती आत्ता बाहेर आली होती.

"बोला, किती वजन कमी करायचंय?" राकेशनं विचारलं.

"कमी नाही. ते झालंय." ती थांबली. "मला… ढोल उचलायचाय."

"ढोल?"

"आमच्या विहारातल्या बायकांचं पथक आहे. जयंतीच्या मिरवणुकीत वाजवतं. लहानपणापासून मला त्यात जायचं होतं, पण ढोलाचा पट्टा माझ्या कमरेला पुरायचाच नाही. सगळ्या हसायच्या. मीही हसायचे." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता पट्टा पुरतो. पण ढोल बांधला की पाय लटपटतात. बालवाडीतलं पोर कडेवर घेतलं तरी घाम फुटतो."

आणि मग, कोण जाणे कसं, जे घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिनं त्या पायरीवर सांगून टाकलं. आठ महिन्यांपूर्वी पनवेलला वजनाचं ऑपरेशन झालं होतं. पोट लहान केलं होतं. आईनं आळीत सांगितलं होतं की पित्ताशयाचं झालं. लोक काय म्हणतील, उद्या स्थळं कशी येतील… आईचंही चुकलं नव्हतं म्हणा. वजन भराभर उतरलं, पण केसही उतरायला लागले आणि अंगातलं बळही.

आता हा काय सल्ला देणार, असं वाटून हर्षला तयारच बसली. मेडिकलवाला डबा दाखवायचा, मैत्रीण काढा सांगायची, शेजारची ठकूबाई तर रोज नवं काहीतरी!

राकेश म्हणाला, "मला यातलं काय पण माहीत नाय."

"काय?"

"खरंच नाय. असं ऑपरेशन झालेलं माणूस मी कधी शिकवलंच नाय."

"मग?"

"मग विचारू. ज्याला माहीत हाय त्याला. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी तुम्हाला डंबेलला हातसुद्धा लावू देणार नाय."

इतक्या जणांनी इतकं काही सांगितलं होतं, पण "माहीत नाही" म्हणणारा हा पहिलाच! हर्षलाला त्याचा रागही आला आणि… दुसरंही काहीतरी झालं.

"दवाखान्यात मी जाणार नाही," ती पुटपुटली. "तीन महिन्यांनंतर मी तिकडे फिरकलेच नाही. ओरडतील."

"ओरडू दे ना. अर्धं मी ऐकून घेतो."

आणि खरंच आला की तो! त्याच्या मोटारसायकलवर दोघं चौक गावावरून पनवेलला गेले. दोघांच्या मधे हर्षलाची पर्स आणि तिची भलीमोठी फाइल. वाटेत रस्त्याकडेच्या आंब्यांना मोहोर आला होता आणि वास असा, की बोलायची गरजच नव्हती.

आहाराच्या विनिता मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "सकाळी काय खाता?"

"पेज."

"दुपारी?"

"पेज… आणि लोणच्याची फोड."

"रात्री?"

हर्षलानं खाली बघितलं. राकेशनं छताकडे. कारण त्याला हसू येत होतं.

आता पेजेवर कुणी हसू नये! आमच्याकडे माणूस आजारी पडलं की पहिली पेजच चुलीवर चढते. आईनं ऑपरेशनच्या आठवड्यात पेज सुरू केली आणि लेक अजून अशक्त दिसते म्हणून चालूच ठेवली. लेक अशक्त म्हणून पेज, आणि पेजेनं लेक आणखी अशक्त!

"तुमच्या पोटात आता जागाच थोडी आहे," मॅडम समजावत म्हणाल्या. "ती पेजेनं भरली तर बळ येईल कुठून? पहिला घास प्रथिनांचा. अंडं, मासे, घट्ट डाळ, दही. भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. आणि जेवताना पाणी नको. गोळ्या घेताय ना?"

"संपल्या."

"त्या संपत नसतात हो. त्या आता कायमच्या."

रक्त तपासलं तर लोह कमी, बी-बारा कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पोट तपासलं आणि व्यायामाला होकार दिला. हलक्यापासून, हळूहळू, आणि चक्कर आली की लगेच थांबायचं.

घरी मात्र आई रुसली. "म्हंजे मी माझ्या पोरीला उपाशी ठेवलं?"

दारात उभा असलेला राकेश म्हणाला, "नाय ओ मावशी! तुम्ही सांभाळलं म्हणून तर ती उभी हाय. आता फक्त पेजेचं भांडं बदला. सुकी मासळी, आपली सुकट, चालते असं मॅडम बोलल्यात. नीट धुऊन, खारटपणा काढून."

"सुकट?" आईनं पदर खोचला. "मग आधी बोलायचं ना रं! सुकट करावी तर मीच!"

झालं! त्या दिवसापासून घराला सुकटीचा वास आणि हर्षलाला रोज संध्याकाळी जिमची वाट. आधी फक्त खुर्चीवरून उठबस. मग रबराचा पट्टा. मग इवलेसे डंबेल्स. राकेश एकच शब्द बोलायचा, "अजून एक."

"हे तुमचं शेवटचं एक कधी असतं हो?"

"तुम्ही चिडला की."

व्यायामानंतर ती उकडलेलं अंडं खायची. इतकं सावकाश, की समोरचा माणूस कंटाळून उठून जावा. राकेश उठायचा नाही. हातातला वडापाव तो तिच्या वेगानं खायचा, एकेक तुकडा.

"गार होतोय तो," ती म्हणायची.

"होऊ दे. संपला तर मला जावं लागंल."

घास तोंडातच राहिला तिच्या! नशीब, चावून चावून खायची सवय होती…

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

आणि जयंतीची संध्याकाळ आली. विहारापुढे निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पथकातल्या मुलींच्या डोक्यावर निळे फेटे. हर्षलानं ढोल बांधला. पट्टा पुरला. पाय… पायही टिकले! पहिलं टिपरू ढोलावर पडलं आणि छातीत कुणीतरी दार उघडल्यासारखं झालं.

"अगं बया," ठकूबाई कडेला उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "पित्ताशय काढून इतकी बारीक झालीस व्हय गं?"

आईचा चेहरा पडला. हर्षलानं टिपरू थांबवलं.

"पित्ताशय नाही, मावशी. वजनाचं ऑपरेशन होतं माझं. पोट लहान केलंय." आणि आईकडे बघत ती म्हणाली, "बळ मात्र आईच्या सुकटीचं!"

धाड्! ढोल पुन्हा घुमला. आईनं डोळ्यांना पदर लावला, पण मान ताठ होती तिची.

नाक्यापर्यंत हर्षलानं वाजवलं. पुढे मिरवणूक अजून लांब जाणार होती, पण तिला अंगातली धाप ओळखता येत होती. ती आपणहून थांबली, ढोल मैत्रिणीला बांधला आणि कडेला आली. तिथं राकेश उभा होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.

"'अजून एक' नाही म्हणालास?"

"आज नाय. आज तू बरोब्बर थांबलीस."

"ढोल पेलला. म्हणजे माझं शिकणं संपलं?"

"ट्रेनर म्हणून… थोडंसं संपलंच."

"आणि उद्यापासून मग आपण कोण?"

त्यानं खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक पिळलं. एवढा उंच माणूस, आणि कान लाल! "मला तू… म्हंजे मला पाहिजेस तू. कायमची. पण पुढं कसं बोलायचं, ते मला काय पण माहीत नाय."

हर्षलाच्या गालावर ती खळी पडली.

"मग विचारू," ती म्हणाली. "ज्याला माहीत आहे त्याला."

"कुणाला?"

तिनं मागं बघितलं. विहाराकडून आई येत होती. हातात झाकलेलं पातेलं, काखेत वाट्या. तिनं आधी लेकीचा चेहरा बघितला, मग राकेशचे कान. आणि आईच ती, तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"काय रं, पार घामाघूम झालायस," ती म्हणाली. "माझ्या पोरीला तर आता चालत नाय… तू तरी पिशील का माझी पेज?"

राकेशनं दोन्ही हातांनी वाटी घेतली.

"पितो ना, आई."

मावशी नाही. आई!

हर्षलानं ऐकलं. आईनंही ऐकलं. आणि आईनं त्याच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.