हलका झालेला क्लच

लॉरीचा क्लच गरीब बैलासारखा असतो. कसाही दाबा, कसाही सोडा, मुकाट्याने चालतो. मी कितीतरी वर्षं शहापूरच्या अनंतशेठची लाकडाची लॉरी हाकली आणि आपल्याला गाडी येते अशा तोऱ्यात होतो. अडतीस साली शेठनी विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून शर्यतीची मोटार घेतली आणि माझा तोरा पार उतरला.

दोन माणसांची जागा, लांबलचक नाक, बॉनेटवर कातडी पट्टा. क्लच मात्र दगड. सगळं वजन घालून तो खाली न्यायचा आणि वर येताना बोटभर जागेत तो एकदम पकडायचा. पाय जरा चुकला की मोटार हिसका देऊन बंद. मुरबाडच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग, प्रत्येक गाडीमागे पाय खाली. संध्याकाळी डावा गुडघा सुजून भोपळा झालेला असायचा.

"जयराम, एक दिवस माझी मान मोडशील," शेठ म्हणाले. "अमावस्येपर्यंत जमलं नाय तर कल्याणहून दुसरा ड्रायव्हर आणतो. लॉरीवर माणूस ठेवलाय मी."

म्हणजे इथून गेलो की कुठेच नाही. मी घरी येऊन ओट्यावर आडवा झालो. बायको, वत्सला, करंजाचं तेल कोमट करून गुडघा चोळायला बसली. त्या दिवशी मी फारच कण्हत असेन.

"एवढं दुखतं तर थोडं मला द्या," ती म्हणाली.

"दुखनं काय विरजन हाय गो, वाटीत घालून द्यायला?"

ती हसली, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी क्लच हलका लागला. मी पायाखालच्या फळ्या काढून आत पाहिलं. स्प्रिंग तीच, दांडी तीच, कोणी हात लावलेला नव्हता. सवय झाली असेल, मी स्वतःला म्हटलं. थकलेल्या माणसाला फुकटचं सुख मिळालं की तो चौकशी करत नाही. शेठ खूश झाले, अमावस्या आली नि गेली, नोकरी टिकली.

वत्सला लंगडू लागली. विहिरीवर पाय मुरगळला म्हणाली. लेप झाले, शेक झाले. मोटार शेडमध्ये असली की ती सरळ चालायची. टोकावड्याची खेप झाली की भिंत धरायची. माझ्या ते लक्षात येत होतं आणि मी लक्षात येऊ देत नव्हतो.

एका संध्याकाळी तिचा पाय चोळायला मी बसलो. डाव्या तळव्यावर आडव्या लाल रेघा होत्या, मधली एक अर्ध्यावर तुटलेली. क्लचच्या पेडलवरच्या रबराची मधली रेघ तशीच तुटलेली आहे. मला भीती वाटली, इतकी की तिचा पाय हातातून सुटला.

"कवापासनं?"

"चुलीपाशी बसते नि पाय आपसूक दाबला जातो," ती म्हणाली. "तुमची नोकरी हाय म्हनून बोलली नाय."

सकाळी मी किल्ली शेठच्या पुढ्यात ठेवली.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय, शेठ."

रोजीरोटी गेली होती आणि मी शीळ घालत घरी आलो. वत्सला पाण्याचा हंडा घेऊन ताठ चालत आली. पुढचे काही दिवस तसेच सुखाचे गेले. मग कल्याणचा ड्रायव्हर आला, नवशा नावाचा.

आम्ही सकाळी ओट्यावर बसलो होतो. ती पाय खाली सोडून सुपात तांदूळ निवडत होती. शेडकडून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

वत्सलेचा डावा पाय जमिनीत रुतला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मांडी घालून बसलो होतो.

पाय सुटला. पुन्हा खाली गेला. पहिला गिअर, मग दुसरा.

मी दोन्ही हातांनी तिचा गुडघा धरला. हातांसकट तो खाली गेला.

मोटारीचा आवाज किन्हवलीच्या बाजूला लागला आणि विरला. पाय चालूच होता. सूप कधीच कलंडलं होतं.

"तुमी जपून दाबायचात," डोळे मिटून वत्सला म्हणाली. "ह्यो लय जोरात दाबतो."