गिरणीतून येणारं उत्तर

पटो न पटो, हे घडलंय. केसरमावशीला त्या दिवशी मी स्वतः पाहिलं. तोंड उघडं होतं तिचं... ते कुणालाच मिटवता आलं नाही.

गाव सावली. दिवस मागच्या एप्रिलातले. वेळ रात्रीची नाही, टळटळीत दुपारची.

मावशीचा मुलगा राजदीप. जहाजावरच्या बँडमध्ये व्हायब्राफोन वाजवायचा. धातूच्या पट्ट्या, खाली नळ्या, पायात पेडल. दाबलं की सूर लांबतो, सोडलं की तुटतो.

काम सुटलं आणि तो वाद्य घेऊन घरी आला. नागपूरच्या एका हॉटेलला जाझ वाजवणारा हवा होता. रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. जाझमध्ये लिहिलेलं थोडं, ऐनवेळी सुचलेलं जास्त.

राजदीपला नेमकं तेच सुचत नव्हतं.

घरामागे बंद पडलेली धानाची गिरणी होती. तिथे तो रोज दुपारी बसू लागला.

एकदा त्याने एक ओळ वाजवली आणि हात थांबवले.

आणि गिरणीच्या अंधाऱ्या टोकाकडून... उत्तर आलं.

तेच सूर. पण वळवलेले. त्याच्यापेक्षा कितीतरी सुंदर.

प्रतिध्वनी नव्हता तो. प्रतिध्वनी आपल्याहून चांगला कसा वाजवेल?

तो घाबरला. पण ती ओळ त्याने लगेच बोटांत बसवली.

त्या दिवसापासून पत्र्यावरचे पारवे घुमेनासे झाले. होते तिथेच. गळे फुगायचे... आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी नवी ओळ मिळाली. संध्याकाळी मावशी अंगणातून ओरडली.

"राजदीप, इकडे ये बरं! मोत्या भुकून राह्यला, पर आवाजच नाई. काऊन रे?"

कुत्रा भिंतीकडे पाहून जबडा उघडत होता. मिटत होता. उघडत होता...

ओळीच्या बदल्यात काय जातं, ते राजदीपला तिथेच कळलं. हे त्याने नंतर मला स्वतः सांगितलं.

"तू त्या गिरणीत नको जाऊ," मावशी म्हणाली. "मले बरं नाई वाटत."

"रेकॉर्डिंग झालं की बंद करतो, आई. एकच ओळ पाह्यजे आता."

एकच ओळ.

दुसऱ्या दुपारी त्याने मोबाईल रेकॉर्डिंगला लावला. वाजवलं. थांबला.

बराच वेळ काही नाही.

मग... दोन सूर. एक लांब, एक चढत जाणारा. इतके आर्त की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते वाजवून परत दिले. पुन्हा तेच आले, घाईने. पुन्हा. पुन्हा. तोही रंगून गेला. शेवटी सूर फाटत गेले आणि थांबले.

इतकं चांगलं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं.

हसत हसतच तो बाहेर आला.

मावशी अंगणात पडली होती. पाय काळानिळा. सरपणात नाग होता. भिंतीपलीकडे गिरजाबाई भांडी घासत होत्या.

"मी इथीच होती जी," त्या रडत सांगत होत्या. "एक हाक नाई आली. एक बी नाई..."

माती दिल्यावर राजदीपने मला रेकॉर्डिंग ऐकवलं. मी दोनदाच ऐकलं.

पहिला सूर लांब. दुसरा चढता.

राज... दीप...

"पुसून टाक," मी म्हणाले.

त्याच रात्री त्याने ते पाठवलं. काम मिळालं.

आता तो नागपुरात खोली घेऊन राहतो. लोक त्याचं वाजवणं ऐकून रडतात म्हणे. परवा फोनवर मी विचारलं, रियाज करतोस त्याचा शेजाऱ्यांना त्रास नाही का होत?

"नाई. घरमालक चांगले आहेत," तो म्हणाला. "त्यांचं लहान बाळ आहे, पाळण्यात. लय शांत आहे."

मग म्हणाला, "आधी रडत होतं."