जेवणानंतर एक कुकी

औषधांच्या दुकानाचं काचेचं दार ढकलून तो आत आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शिंकला. मग पुन्हा. आणि पुन्हा. काउंटरमागची औषधवाली हातातलं काम थांबवून शांतपणे वाट पाहत राहिली. कुणाचं बोलणं मध्येच तोडू नये, हे तिला लहानपणी शिकवलं होतं. शिंकणारा त्यातून वगळलेला नव्हता.

"सर्दी?" अखेर तिनं विचारलं.

"नाही... वसंत." त्यानं रुमालातून उत्तर दिलं. "समोरच्या उद्यानात झाडं फुलली की असं होतं. परागकण सोसत नाहीत मला."

"मग उद्यानात जाऊ नका."

"मी तिथला माळी आहे."

तिला हसू आलं. ते दिसू नये म्हणून ती पाठमोरी झाली आणि समोरच ठेवलेल्या गोळ्या बराच वेळ शोधत बसली. कोपऱ्यातल्या खुर्चीत विणत बसलेली आत्या या शोधाकडे चष्म्यावरून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "कोण गं हा शिंकोबा?"

"गिऱ्हाईक आहे, आत्या."

"गिऱ्हाईक तर मीही बघते रोज. कुणी गेलं की तू दाराकडे अशी बघत नाहीस."

शिंकोबा पुढे दर दोन दिवसांनी येऊ लागला. महिन्याच्या गोळ्या एकदम नेता येतात हे औषधवालीनं त्याला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. या बाबतीत दोघांचं न बोलता एकमत होतं. तो आज काय फुललं ते सांगे, ती रात्री झोप लागली का ते विचारे, आणि मधेमधे शिंका येत. पाणावलेल्या डोळ्यांनी तो तिच्याकडे बघे तेव्हा ते डोळे वसंतानं पाणावलेत की तिच्यामुळे, याचा निदान आत्यानं तरी निकाल लावून टाकला होता.

एका रविवारी तिनं दुकानावरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. हिवाळाभर बंद राहिल्यानं त्या कुरकुरल्या, आणि मग सगळं ऊन एकदम घरात घुसलं. अशा दिवशी काहीतरी करावंसं वाटतंच. तिनं चॉकलेट कुकीज करायला घेतल्या.

मैदा, लोणी, साखर, कोको सगळं तिनं औषधांच्या काट्यावर तोललं. कृतीत 'चिमूटभर मीठ' लिहिलं होतं. त्यावर ती वैतागली. चिमूट हे काही माप नाही, ती अफवा आहे. गोळे असे एकसारखे वळले की ट्रेवर कुकीज नसून गोळ्यांचं पाकीट मांडलंय असं वाटावं. डब्याऐवजी दुकानातली पांढरी बरणी हाताला लागली. झाकण लावलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हातानं आपोआप चिठ्ठीही चिकटवली: 'सकाळी एक, रात्री एक. जेवणानंतर.'

दुसऱ्या दिवशी तिनं ती बरणी त्याच्यापुढे सरकवली. "हे... तुमच्यासाठी. मी स्वतः—"

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आत आली आणि त्याला शिंकांनी घेरलं. हातानंच 'बरं बरं' म्हणत, बरणी छातीशी धरून तो बाहेर पडला.

बरणी पुरली म्हणून की काय, या वेळी तो आठवड्याभरानं आला, तोही पेशंटसारखा गंभीर चेहरा करून. "तुमचं औषध नेमानं घेतोय. एकही वेळ चुकवली नाही."

"औषध?"

"गोल, तपकिरी. चव विचाराल तर नाक बंद, मला सगळंच पुठ्ठ्यासारखं लागतं. शिंका कमी नाहीत. पण..." तो जरा घुटमळला. "खाल्लं की छातीत इथे जरा धडधडतं. आणि उगाचच आनंद होतो. हे दुष्परिणाम आहेत का?"

आत्याच्या सुया थांबल्या. औषधवालीचे कान लाल झाले.

"काही... काही लोकांना होतं तसं."

"मग चालू ठेवतो." तो हसला, आणि लगेच हसू मावळलं. "तसे थोडेच दिवस उरलेत म्हणा. बंदरावरच्या कचेरीत जागा मिळतेय. तिथे नुसता दगड आणि खारा वारा, नावाला झाड नाही. डॉक्टर म्हणतात, जा. शनिवारपर्यंत कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो."

तिला यातलं कळत होतं, हीच तर पंचाईत होती. खोटा सल्ला तिनं आजवर कुणाला दिला नव्हता. "जा," ती काउंटरकडे बघत म्हणाली. "तब्येतीला तेच बरं."

"असं म्हणता..." म्हणत तो निघून गेला.

"मूर्ख आहेस," आत्या म्हणाली.

"खरं तेच सांगितलं."

"अर्धंच सांगितलंस."

शनिवारी पहाटे पाऊस पडला. हलकाच, पण झाडांवरचे, हवेतले सगळे परागकण धुऊन नेण्याइतका. औषधवालीला झोप नव्हती, म्हणून तिनं पुन्हा ओव्हन पेटवला होता. पहिला ट्रे बाहेर काढते तोच जिन्यावर पावलं वाजली, आणि खालून आत्याचा आवाज आला, "डोकं सांभाळा, दार बुटकं आहे!"

तो दारात उभा होता. नाक वर करून, एखाद्या लहान मुलासारखा.

"वास येतोय," तो म्हणाला. "उद्यानापासून येतोय. कित्येक दिवसांत मला कसला वास आला नव्हता..." त्यानं ट्रेमधली एक उचलली, चटका बसला तरी खाल्ली. "अहो, ही तर कुकी आहे!"

"हो."

"आणि ते औषध?"

"तीच."

"मग छातीत जे होत होतं ते—"

"त्याचा कुकीशी संबंध नसावा," ती म्हणाली. "मलाही होतं. न खाता."

खिडकीबाहेर धुतलेली झाडं चकाकत होती.

"तुम्ही तर म्हणालात, जा."

"ते औषधवाली म्हणाली. तिचं बरोबरच आहे. मला... मला वेगळं कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतोय."

"जाऊ नका." एकदा तोंडून निघाल्यावर बाकीचं भराभर आलं. "दोन महिने हाल होतील, मी काही चमत्कार करू शकत नाही. पण गोळ्या वेळेवर देईन, खिडक्या लावून घेईन, रात्री उठून पाणी गरम करीन. ते दोन महिने मी तुम्हाला सांभाळते. उरलेले दहा तुम्ही मला सांभाळा."

"तुम्हाला काय होतं?"

"चिडचिड. बारमाही. त्यावर औषध निघालेलं नाही."

तो मनापासून हसला. मग खिडकीशी जाऊन झाडांकडे पाहिलं. दुपारपर्यंत ती वाळतील आणि पुन्हा सगळं सुरू होईल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं खिशातून फोन काढला.

"नमस्कार साहेब... हो, बंदरावरच्या जागेसाठीच बोलतोय. नाही जमणार... तब्येत? तब्येत तशीच आहे. डॉक्टर जाच म्हणतायत." त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. "पण काय करणार, साहेब... घरचे सोडत नाहीत."