हजेरीची नववी ओळ

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटो न पटो, माझी हरकत नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर आज तो कुठल्या कुठे पोचला असता.

भुताच्या गोष्टीत रात्र असते, अमावस्या असते. इथे तसलं काही नाही. वेळ सकाळी साडेनऊची. जागा बसवनगुडीत गांधी बझारच्या मागच्या गल्लीतलं, पहिल्या मजल्यावरचं जुनं ऑडिट ऑफिस. खाली फुलवाल्यांचा कलकलाट, शेजारच्या हॉटेलातून कॉफीचा वास. भीती वाटावी असं तिथे काहीच नाही.

म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

भावाचं नाव वादिराज. आम्ही त्याला वादीअण्णा म्हणतो. वय त्रेचाळीस. लग्न केलं नाही, घरी तो आणि त्याची आई, म्हणजे माझी विमलामावशी. त्याने सीएची शेवटची परीक्षा सात वेळा दिली आणि सातही वेळा नापास झाला. एकदा तर फक्त तीन मार्कांनी. मग रघुपतीराव सरांच्या ऑफिसात जो चिकटला तो सोळा वर्षं तिथेच. ऑडिट सगळं तो करायचा, सही सरांची. राबणारा एक आणि मिरवणारा दुसरा, हे आपल्याकडे नवीन नाही.

सरांच्या दोन सवयी होत्या. त्या नीट लक्षात ठेवा.

पहिली हजेरीची. रोज साडेनऊला ते हजेरीपुस्तक टेबलावर घ्यायचे, एकेका माणसाकडे मान वर करून बघायचे आणि त्याच्या नावापुढे हिरव्या शाईने टिक करायचे. हिरवी शाई फक्त त्यांची. दुसऱ्या कुणी वापरायची नाही. म्हणायचे, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टिक नाही. मी पाहिलं, म्हणजे ते आहे."

दुसरी सवय सोडून जाणाऱ्यांसाठी. कुणी राजीनामा दिला की सर एकच विचारायचे, "तुझ्या जागी कोण?"

नाव सांगा, ते नाव रजिस्टरात चढलं की तुम्ही मोकळे. नाव नाही तर सुटका नाही. वादीअण्णाने तीनदा राजीनामा दिला. तिन्ही वेळा कागद परत आला, वर हिरव्या शाईत तेच तीन शब्द. त्या पगारावर त्याच्या जागी कोण येणार होतं?

गेल्या वर्षी जानेवारीत सर वारले. त्यांचं हिरवं पेन वादीअण्णाने स्वतः त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. ते त्यांच्याबरोबरच जळालं. हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑफिस सरांच्या मुलाकडे, गिरीराजकडे आलं. माणसं नऊ. रजिस्टर सवयीने चालू राहिलं, फक्त माणसं आता दहाला यायची. महिनाअखेरीला वादीअण्णा नवीन पान आखायचा, नावं लिहायचा. सकाळी कुलूपही तोच उघडायचा.

फेब्रुवारीतला एक सोमवार. त्याने कुलूप काढलं. खिडकी उघडली. रजिस्टर उघडलं...

आठ नावांपुढे हिरव्या खुणा.

ओल्या.

ऑफिसात अजून कुणीच आलं नव्हतं. उरलेलं एक नाव संहिताचं, तिथे काम शिकायला आलेल्या मुलीचं. तिच्यापुढे काहीच नव्हतं.

दहा वाजता तिचा फोन आला. स्कूटरवरून पडली होती. त्या दिवशी आली नाही.

मग हे रोजचंच झालं. ज्याच्यापुढे खूण तो येणार. ज्याच्यापुढे नाही तो येणार नाही. गिरीराजला वाटायचं, हे वादीअण्णाच करतो. एकदा हसून म्हणाला, "काय हो अण्णा, बाबांची गादी चालवता वाटतं?" वादीअण्णा गप्प बसला. सोळा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला गप्प बसणं शिकवावं लागत नाही.

जुलैमध्ये एका सकाळी परसूच्या नावापुढे खूण नव्हती. परसू म्हणजे ऑफिसचा म्हातारा शिपाई. एक दिवसही रजा न घेणारा. अकरा वाजता जावयाचा फोन आला. पहाटे झोपेतच गेला होता.

त्या दिवसापासून वादीअण्णा रजिस्टर उघडण्याआधी डोळे मिटून घ्यायचा.

ऑगस्टमध्ये त्याचं नशीब उघडलं. मारतहळ्ळीच्या एका कंपनीत अकाउंट्स मॅनेजरची नोकरी. पगार दुप्पट. सीए आहेस का, असं कुणी विचारलंही नाही. एक ऑक्टोबरला रुजू व्हायचं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी अशी संधी दारात येते, तेव्हा माणूस अंघोळ करून तिची वाट बघत नाही, धावत सुटतो. मावशीला तर कोण आनंद झाला होता. म्हणाली, "जा बघू, वादी. सर नाहीत आता. जागी कोण म्हणून कोण विचारतंय तुला?"

नऊ सप्टेंबरला मावशी स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव. जयनगरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत नेलं. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र कठीण आहे.

टॅक्स ऑडिटचा महिना. फायली वादीअण्णाकडे अडकलेल्या, चाव्याही त्याच्याकडे. संध्याकाळी तासाभरासाठी तो ऑफिसात आला. सगळे गेल्यावर रजिस्टर समोर दिसलं. सप्टेंबरच्या पानावर आठ नावं. नववी ओळ, परसूची, रिकामी.

आई मरणाच्या दारात असताना माणसाला काय काय सुचतं ते ज्याचं त्याला ठाऊक. त्याने पेन काढलं आणि नवव्या ओळीत लिहिलं, 'विमला'.

सकाळी साडेनऊला धावत आला. डोळे मिटून पान उघडलं...

विमलापुढे हिरवी खूण होती.

तो तिथेच खुर्चीत बसून ओक्साबोक्शी रडला. हॉस्पिटलात फोन केला. मावशी जिवंत होती.

मग रोज हेच. आधी रजिस्टर, मग हॉस्पिटल. खूण दिसली की त्याच्या जिवात जीव यायचा. डॉक्टर मान हलवायचे. म्हणायचे, कसं धरून आहेत कळत नाही. त्याला कळत होतं. मारतहळ्ळीहून फोन यायचे, कधी रुजू होताय? तो म्हणायचा, सरी सरी, म्हणजे बरं बरं, कळवतो. कळवणार कसं? त्या नोकरीत गेला तर सकाळी हे पान कोण उघडणार?

अठ्ठावीस सप्टेंबरला मावशीच्या घशातली नळी काढली. तिने त्याचा हात धरला. आवाज नव्हताच, नुसता श्वास.

"साकु रे, वादी."

साकु म्हणजे पुरे. आमच्या घरांत जेवताना भात वाढायला आलं की ताटावर आडवा हात धरून म्हणतात ना, तेच.

"असं म्हणू नको, आई. बरी होशील," तो म्हणाला.

"स्वल्प पण नको आता. जाऊ दे मला."

संध्याकाळी पुन्हा नळी घातली.

तीस तारखेला त्याने ऑक्टोबरचं पान आखलं. आठ नावं लिहिली. नवव्या ओळीवर पेन थांबलं. तो मला म्हणाला, "हर्षा, पहिल्यांदा लिहिलं ते भीतीने. त्याचं मला काही वाटत नाही. पण या वेळी ती नको म्हणाली होती."

आणि तरी त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मारतहळ्ळीला नकार कळवला.

सतरा ऑक्टोबरला पहाटे सव्वापाचला मावशी गेली. खांदा द्यायला मीही होतो. वजनच उरलं नव्हतं तिला. वादीअण्णा रडला नाही. मला वाटलं, सुटली म्हणून बरं वाटत असेल.

तेरावं उरकून तो ऑफिसात गेला. आता कशाची भीती? जायचं ते माणूस गेलं होतं. त्याने रजिस्टर उघडलं...

सतरा तारखेला विमलापुढे हिरवी खूण होती.

अठरालाही. एकोणिसालाही.

वीस तारखेला रविवार होता. ऑफिसला दिवसभर कुलूप. बाकी आठही जणांचे चौकोन कोरे. फक्त नवव्या ओळीत... खूण.

सर न पाहता टिक करत नसत.

नोव्हेंबरच्या पानावर त्याने आठच नावं लिहिली. नववी ओळ मोकळी सोडली. एक तारखेच्या सकाळी त्या मोकळ्या ओळीत, नाव नाही, गाव नाही, नुसती हिरवी खूण.

मग आवाज सुरू झाले.

मावशीचं दोन वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ती वॉकर घेऊन चालायची. दोनदा उचलायची, मग थकली की ओढायची. टक्... टक्... घसर. वादीअण्णा हा आवाज झोपेतही ओळखतो.

साडेनऊला, बाकीचे यायच्या आत, सरांच्या खोलीतून जुन्या फायलींच्या खोलीकडे...

टक्... टक्... घसर.

तो धावत गेला. खोलीत कुणी नव्हतं. फळीवर व्हाउचरांचे गठ्ठे होते. वर्षभर सुटे पडलेले, कुणाला बांधायला वेळ नसलेले. आता ते बांधलेले होते. दोऱ्याला गाठ होती ती फायलीची नव्हती. मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्याची गाठ होती, दुहेरी, आत ओढलेली. मावशी तशी बांधायची. आमच्या सगळ्या लग्नांतले गजरे तिनेच बांधलेत.

बाहत्तर वर्षांच्या बाईला सरांनी कामाला लावलं होतं.

रोज गठ्ठे वाढत होते. गाठी मात्र दिवसेंदिवस सैल होत चालल्या होत्या. दमलेल्या हाताच्या. एका गठ्ठ्यावर तर गाठ अर्धीच राहिली होती. वादीअण्णाने ती हातात धरली आणि तो जमिनीवरच बसला. "मेल्यावर तरी माणसाला विसावा असतो ना रे?" त्याने मला विचारलं.

त्याने खूप काही केलं. ते पान फाडलं. दुसऱ्या दिवशी नव्या पानावर खूण. गिरीराजला सांगून रजिस्टर बंद करवलं, बोटाचं मशीन बसवलं. रजिस्टर सरांच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. वॉकर थांबला नाही. मंत्रालयाच्या मठात जाऊन आला, सेवा केली. परत आल्यावर साडेनऊला... टक्, टक्, घसर.

शेवटी त्याने सोळा वर्षांत जे शिकला होता ते केलं. कागद घेतला आणि आईचा राजीनामा लिहिला. 'तब्येतीच्या कारणास्तव कामावरून मोकळं करावं ही विनंती.' खाली तिच्या वतीने सही. संध्याकाळी सरांच्या टेबलावर ठेवला.

सकाळी कागद तिथेच होता. वर हिरव्या शाईत...

'हिच्या जागी कोण?'

अक्षर सरांचं. त्या अक्षरावर त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं.

त्याने खाली स्वतःचं नाव लिहिलं. वादिराज. एकदाही विचार केला नाही. मावशीसाठी तो जिवंतपणी विहिरीतही उतरला असता.

दुसऱ्या सकाळी त्याच्या नावावर काट मारलेली होती. बाजूला दोन शब्द.

'हा आहेच.'

खरंच होतं ते. जो आधीच रजिस्टरात आहे तो दुसऱ्याच्या जागी कसा चालेल? बाहेरचं नाव हवं होतं.

हे सगळं त्याने मला गेल्या रविवारी सांगितलं. सर्जापूर रोडवरच्या माझ्या फ्लॅटवर आला होता. खूप वाळलाय. कॉफी थंड झाली तरी हातात धरून बसला होता. मग खाली बघत म्हणाला, "हर्षा, तुझं पूर्ण नाव कसं लिहितोस रे?"

मी म्हटलं, "कशाला, अण्णा?"

त्याने कप ठेवला आणि तो उठला.

तो गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेली अकरा वर्षं माझा इन्कम टॅक्स रिटर्न वादीअण्णाच भरतो. माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळं त्याला तोंडपाठ आहे.

तो नाव विचारत नव्हता.

मी चार वर्षांचा असताना आई आजारी पडली, तेव्हा तीन वर्षं मला विमलामावशीने सांभाळलं. स्वतःच्या मुलाआधी मला भरवायची. वादीअण्णाने कधी तक्रार केली नाही. त्यालाही हे आठवत असणार, आणि मला आठवतंय हेही त्याला ठाऊक असणार. हो म्हणायची माझी छाती होत नाही. माझी मुलगी दुसरीत आहे. पण नाही म्हणायला फोन उचलतो, तेव्हा जीभ वळत नाही.

आज सकाळी साडेनऊला त्याचाच फोन आला. मी उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागे, लांबून, गांधी बझारचा कलकलाट. आणि जवळून...

टक्...

मग बराच वेळ काहीच नाही.

मग नुसतं घसर... घसर... घसर. आता उचलायची ताकदही उरली नाही तिच्यात.

"ऐकलंस?" वादीअण्णाने विचारलं आणि फोन ठेवला.

आज एकतीस तारीख आहे. त्याने कपाटातून रजिस्टर बाहेर काढलं असेल. संध्याकाळी तो नवीन पान आखेल.